तीनचाकी मागवायची म्हणजे

उपनगरातल्या माणसाला वाहन घ्यायचे असले की तो पहिल्याच फेरीत दोन्हीकडून हरतो. दुचाकी घ्यावी तर जून ते सप्टेंबर घरातली मंडळी ती बाहेर काढू देत नाहीत. चारचाकी घ्यावी तर ती उभी करायला जी जागा लागते, तिच्यासाठी घाटकोपरला माणसे दुसरे कर्ज काढतात. मग मधला मार्ग सुचतो. दोन नकोत, चार नकोत, तीन घेऊ. रात्रीची जेवणे आटोपून आडवे झाले की फोनवर चीनमधल्या कुठल्याशा कारखान्याची तीनचाकी मोटारसायकल समोर येते. पुढून मोटारसायकल, मागे दोन चाकांवर हौदा, हौद्यात समोरासमोर बाकडी, वर ताडपत्रीचे छत, आणि खाली किंमत. किंमत डॉलरमध्ये असल्यामुळे आकडा लहान दिसतो आणि रुपयांत करून पाहिला तरी इथल्या बऱ्या स्कूटरच्या आसपासच निघतो. माणूस अंथरुणात उठून बसतो. या उठून बसलेल्या माणसाशी मला वाद घालायचा आहे. त्याची हौस मला कळते, त्याचे अंकगणितही चुकलेले नाही. चूक झाली आहे ती वाहनाची जात ओळखण्यात. तीनचाकी हे घोळक्याने स्वस्त होणारे वाहन आहे. हजारांनी आली तर तिच्याइतकी स्वस्त इंजिनाची गाडी भूतलावर नाही आणि एकटीच आली तर तिच्याइतका खर्चिक शौक नाही. हे माझे मत नाही, सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा अनुभव आहे, आणि तो बराचसा आपल्या अवतीभवतीच घडलेला आहे.

आधी त्या किमतीकडे नीट बघू. आकड्याशेजारी बारीक अक्षरांत ‘एफओबी’ लिहिलेले असते. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की विकणारा गाडी त्याच्या बंदरातल्या जहाजावर चढवून देईल आणि हात झटकून घरी जाईल. निंगबो किंवा छिंगदाओपासून न्हावा-शेव्यापर्यंतचे भाडे, विमा आणि वाटेत समुद्राच्या मनात जे येईल ते, सगळे तुमच्या खात्यावर. आपले कस्टम्स जकात लावताना गाडीच्या किमतीत जहाजाचे भाडे आणि विमा मिळवून मगच लावते, म्हणजे भाडे भरल्याबद्दलही कर. त्या जकातीवर समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याची बेरीज करून तिच्यावर आयजीएसटी. सज्जन माणसाला इथवर वाटत असते की झाले. पण अजून क्लिअरिंग एजंट भेटायचा आहे. एका गाडीसाठी अख्खा कंटेनर परवडत नाही, म्हणून ती दुसऱ्यांच्या मालाबरोबर येते. तो माल उरणच्या बाजूच्या गोदामात उतरतो, तिथे दिवसाप्रमाणे भाडे चढत जाते, आणि एजंट फोनवर रोज ‘उद्या होऊन जाईल साहेब’ म्हणतो. शेवटी जी वस्तू हाती येते ती गाडी नसतेच. लोखंडी सांगाड्यात बांधलेली चाके, वेगळे हँडल, वेगळा हौदा, नटबोल्टची पिशवी आणि एक पुस्तिका. पुस्तिकेत आकृती क्रमांक चारनंतर आकृती क्रमांक सात येते. यात कुणीही कुणाला फसवलेले नाही, हे लक्षात घ्या. एजंटाची फी, कागदपत्रे, तपासणी, गोदामातली उचलठेव यांतला पुष्कळसा खर्च एक गाडी असो की चाळीस, साधारण तेवढाच येतो. चाळीस आणणाऱ्याच्या हिशेबात तो चाळीस जागी वाटला जातो. एक आणणारा तो एकट्याने सोसतो.

कस्टम्सचा पहिला प्रश्न पैशाचा नसतोच, तात्त्विक असतो: ही वस्तू नेमकी आहे काय? जकातीच्या पुस्तकात वाहने ८७ व्या प्रकरणात येतात. मोटारसायकली ८७११ खाली, माणसे नेणाऱ्या मोटारगाड्या ८७०३ खाली, मालाच्या गाड्या ८७०४ खाली. तीनचाकीला या तिन्ही घरांतून आमंत्रण असते आणि हक्काचे घर एकही नसते. इंजिन मोटारसायकलचे, चाके मोटारसायकलची असली तरी तिला मोटारीसारखे स्टिअरिंग असेल, किंवा उलटा गिअर आणि डिफरन्शियल ही दोन्ही असतील, तर तिची रचना मोटारगाडीची धरली जाते. म्हणजे विकणाऱ्याने जाहिरातीत ‘रिव्हर्स गिअरसह’ म्हणून जे ठळक अक्षरांत मिरवले, तेच जकातीच्या टेबलावर तुमच्याविरुद्ध साक्षीला उभे राहते. त्यात बाकडी बसवलेली असतील तर हौद्याचा प्रवासी डबा होतो, काढून ठेवली तर मालगाडी. घराघरांत असा वाद लग्नातल्या मानपानावरून होतो, इथे तो शेकडा दरावरून होतो.

त्याच्यापुढे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अटी. नवी गाडी ती बनवणाऱ्या देशातूनच आली पाहिजे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये पाहिजे, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला शोभणारा पाहिजे. स्टिअरिंग उजवीकडे असण्याची अटही आहे, पण तिच्यातून दुचाकी आणि तीनचाकी वगळल्या आहेत. ज्या गाडीचे हँडल बरोबर मधोमध असते तिला उजवे-डावे विचारू नये, एवढा व्यवहार सरकारी भाषेला कळतो हे वाचून बरे वाटते. वापरलेली गाडी आणायची म्हणाल तर ती तयार होऊन तीन वर्षांहून जास्त झालेली चालत नाही, पुढची किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्याजोगी राहील याची हमी लागते, आणि ती देशात उतरू शकते फक्त मुंबई बंदरात. मुंबईकराला या सबंध प्रकरणात मिळणारा हा एकमेव फायदा. अमृतसरच्या माणसाला आपली हौस बघायला मुंबईच्या बंदरात यावे लागेल. आपल्याला हार्बर लाइनने जाता येते.

समजा, एवढे सगळे पार पडले. आता गाडी रस्त्यावर आणायची. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२६ वा नियम म्हणतो की गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्या. महाराष्ट्राचे भाग्य असे की अशा संस्थांपैकी एआरएआय पुण्यात वेताळ टेकडीवरच आहे, १९६६ पासून. ब्रेक, दिवे, आवाज, धूर असे सगळे तिथे पाहिले जाते, आणि धुराचे माप १ एप्रिल २०२० पासून बीएस-६चे आहे. माझ्या युक्तिवादाचा कणा इथे आहे. चाचणी एका नमुन्याची होते, आणि तिचा खर्च त्या नमुन्याच्या पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर पसरतो. लाखभर रिक्षा विकणाऱ्या कंपनीला तो गाडीमागे कटिंग चहाइतकाही पडत नसेल. तुमच्या नमुन्याची एकूण संख्या एक, आणि तीसुद्धा अजून सांगाड्यात बांधलेली. बरे, ती पुण्याला नेणार कशी? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी-तीनचाकींना मनाई आहे. न्हावा-शेव्याहून थेट शिवडीला पोचवणारा जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला, त्यावरही तीनचाकीला मनाई. ईस्टर्न फ्रीवे, सी लिंक, कोस्टल रोड, सगळीकडे तीच पाटी. म्हणजे तीनचाकी मागवणाऱ्याला ती घरी आणायला चारचाकी टेम्पो भाड्याने घ्यावा लागतो. नशीब म्हणायचे की जीएसटी येऊन १ जुलै २०१७ ला मुंबई महापालिकेची जकात संपली, नाहीतर कस्टम्समधून सुटलेली तीच गाडी मानखुर्दच्या किंवा ऐरोलीच्या नाक्यावर पुन्हा एकदा ‘यात काय आहे?’ या प्रश्नाला सामोरी गेली असती. पुढे अंधेरीच्या, बोरिवलीच्या किंवा वडाळ्याच्या आरटीओत जे होईल त्याचे वर्णन करत नाही. वाचकांना तिथला अनुभव असतो.

इथे हटकून एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. बजाजने सुरुवातीला दुसरे काय केले होते? परदेशातली तीनचाकीच आणून विकली ना? अगदी खरे. किंबहुना उपनगरातली रिक्षा ही मुळात आयात केलेल्या स्वस्त तीनचाकी मोटारसायकलीचीच वंशज आहे. इटलीत पोन्तेदेरा इथला पियाज्जोचा विमानांचा कारखाना दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर विमाने बनवण्याची सोय राहिली नाही, म्हणून कोरादिनो दास्कानिओ या विमानविद्येतल्या इंजिनिअरने १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ मध्ये तिलाच मागे दोन चाके नि हौदा जोडून आपे. १२५ सीसीचे इंजिन आणि सुमारे दोनशे किलो ओझे, बस. त्याच १९४८ साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन, म्हणजे पुढची बजाज ऑटो, परदेशी दुचाक्या-तीनचाक्या आणून भारतात विकू लागली. मालाच्या या गाडीत माणसे बसवावी आणि माणसाने माणूस ओढण्याची सायकल-रिक्षा हटवावी, या कल्पनेमागे नवलमल फिरोदियांचे नाव घेतले जाते. म्हणजे अंथरुणात उठून बसलेला आपला गृहस्थ पूर्वसूरींच्याच वाटेने निघाला आहे असे म्हणायला हरकत नाही.

हरकत पुढे आहे. बजाज आयातीवर थांबले नाही. १९५९ मध्ये सरकारकडून इथेच बनवण्याचा परवाना घेतला, आकुर्डीला कारखाना उभा केला, पियाज्जोशी असलेला करार १९७१ मध्ये संपला तरी गाडी चालू राहिली आणि १९७७ मध्ये इंजिन चालकाजवळून काढून मागे नेलेली रिक्षा आली. आयात ही त्या सगळ्या खटाटोपाची प्रस्तावना होती. आपला गृहस्थ प्रस्तावनाच वाचून पुस्तक मिटतो आहे. आणि हे एकट्या बजाजचे नाही. भांडुपला लाल बहादूर शास्त्री मार्गावर ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने इटलीच्या इनोचेंतीची लॅम्ब्रेटा बनवली, तिची तीनचाकी भावंडेही काढली. गोरेगावला १९५८ मध्ये बजाज टेम्पोने जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने हान्सेआट ही तीनचाकी बनवायला घेतली आणि पुढे बिऱ्हाड आकुर्डीला हलवले. म्हणजे परदेशी तीनचाकी आणण्याचा प्रयोग पश्चिम रेल्वेवर आणि मध्य रेल्वेवर, दोन्हीकडे होऊन गेलेला आहे, आणि दोन्हीकडे शहाण्या माणसांनी गाडी आणण्याऐवजी तिची विद्या आणली. लखनौने तर कमाल केली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीने इनोचेंतीची स्कूटर बनवण्याची यंत्रसामग्रीच उचलून आणली. त्यातून पुढे उत्तर भारतभर धावणारी विक्रम तीनचाकी निघाली. आयात करायचीच तर ती अशी करावी, की विकणाऱ्याकडे पुन्हा विकायला काही उरू नये.

दिल्लीचा दाखला मात्र माझ्याविरुद्ध जातो असे वरवर वाटेल. युद्ध संपल्यावर उरलेल्या लष्करी हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली तिथल्या कारागिरांनी घेतल्या, मागचे चाक काढून दोन चाकांचा डबा जोडला आणि चांदणी चौकात ‘फटफटी’ म्हणून प्रवासी वाहायला लावल्या. आज ज्या गाडीसाठी वांद्र्याचे तरुण हप्ते भरतात, तिच्यावर तेव्हा कोथिंबिरीच्या जुड्या मांडीवर घेतलेली माणसे दाटीवाटीने बसत. १९९८ मध्ये प्रदूषणापायी त्या बंद झाल्या, तोवर पन्नास वर्षे निघाली. पण त्या स्वस्त का पडल्या? त्या भारतापर्यंत आणण्याचा खर्च लष्कराने केला होता आणि त्या पुष्कळ होत्या, त्यामुळे एकीचा भाग दुसरीला लागे. तुमच्या वतीने असा खर्च करायला कुठलेही सैन्य तयार असेल तर माझा विरोध मागे घेतो. ई-रिक्षाचेही तेच. चिनी सुटे भाग जोडून केलेल्या बॅटरीच्या रिक्षा दिल्लीत इतक्या झाल्या, की जुलै २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना बंदी केली आणि ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने त्यांच्यासाठी नियमच केले: चार प्रवासी, ताशी २५ किलोमीटरची मर्यादा. नियम गाड्यांच्या मागून आले, गाड्या नियमांच्या मागून नाहीत. आपल्या देशात बेकायदा गोष्टी हजारांनी असल्या की तो ‘प्रश्न’ होतो, त्यावर समिती बसते. एकच असली तर तो गुन्हा होतो आणि हवालदार येतो.

आता रस्त्यावरचा पुरावा. अंधेरी पूर्वेला भर रहदारीत रिक्षाची क्लच वायर तुटली तर काय होते ते पाहण्यासारखे असते. चालक रिक्षा ढकलत कडेला घेतो, आपली सीट उचलतो, खालून पाना, चिंधी आणि गुंडाळून ठेवलेली वायर काढतो. वायर नसली तर दुसरा रिक्षावाला न विचारता थांबतो आणि देतो. प्रवासी तोवर आतच बसून फोन बघतो. मीटर पुढे सरकायच्या आत गाडी चालू. ही करामत त्या माणसाची आहेच, पण त्याहून जास्त त्या वायरची आहे. ती दहिसरपासून मुलुंडपर्यंतच्या कुठल्याही टपरीवर मिळते, कारण तिला गिऱ्हाईक आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जिथे मोटारीचा कुठलाही अवयव जुना-नवा मिळतो असा लौकिक आहे, तिथे तुमच्या चिनी तीनचाकीचा ब्रेक-शू दाखवून बघा. दुकानदार तो हातात घेईल, उलटापालटा करील आणि आदराने परत देईल. मग फिटर म्हणतो, ‘जमवून देतो.’ या दोन शब्दांनंतर गाडी हळूहळू आपला मूळ देश सोडू लागते. आधी ब्रेक, मग वायरिंग, मग कार्ब्युरेटर, आणि शेवटी हौद्यावरच्या कंपनीच्या नावाखेरीज परदेशी असे काही उरत नाही. म्हणजे आयात शुल्क भरून माणूस तीन-चार वर्षांत एक देशी रिक्षा तयार करतो, आणि तीही नीट न चालणारी.

शिवाय खड्डे. या मुद्द्याला तीनचाकी विकणारे कधी हात लावत नाहीत. दुचाकीचा रस्त्यावर एकच माग उमटतो, त्यामुळे ती खड्ड्याला बगल देऊ शकते. मोटारीचे दोन माग, ती एखादा खड्डा पोटाखाली घेऊन निघून जाते. तीनचाकीचे माग तीन. पुढचे चाक चुकवले तर मागचे डावे सापडते, डावे वाचवले तर उजवे, आणि तिन्ही वाचवण्याइतका सलग डांबराचा पट्टा जुलै महिन्यात घोडबंदरपासून घाटकोपरपर्यंत मिळणे दुरापास्त. त्यात पुढे एकच चाक असल्यामुळे वळणावर ब्रेक मारला की वजन पुढच्या कोपऱ्याकडे झेपावते आणि तिथे आधाराला काहीच नसते. ब्रिटनमध्ये रिलायंट कंपनीच्या तीनचाकी मोटारी मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता येत आणि त्यांच्यावर करही कमी पडे, म्हणून लोक घेत. मिस्टर बीनच्या मालिकेत जी निळी गाडी दर वेळी कलंडते ती याच घराण्यातली. विनोद अतिशयोक्तीचा असेल, पण तो सुचायला कारण हवे ना.

आक्षेप घेणारा इथे शांत बसत नाही. तो म्हणतो, रिक्षावाले येत नाहीत त्याचे काय? हा आक्षेप मनापासूनचा आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देता येणार नाही. संध्याकाळी सातला अंधेरी स्टेशनबाहेर उभे राहून जवळचे ठिकाण सांगावे. मान हलण्याचे जितके प्रकार दिसतील तितके भरतनाट्यममध्येही नसतील. जवळचे भाडे नको, लांबचे नको, गाडी मालकाकडे द्यायची वेळ झाली, गॅस भरायचाय. मोटार वाहन कायद्याच्या १७८ व्या कलमानुसार भाडे नाकारणे हा गुन्हा आहे, आणि ते कलम म्हणून दाखवणाऱ्याकडे रिक्षावाला ज्या करुणेने बघतो ती करुणा अन्यत्र दुर्मीळ आहे. पण तुलना नीट करा. नकार देणारी रिक्षा निघून गेली की तिच्या मागून दुसरी येते, दुसरीच्या मागून तिसरी. पाच-सहा नकारांत एक होकार असतोच, नाहीतर शेअरची रांग असते, घाटकोपर-वर्सोवा मेट्रो असते. बिल्डिंगच्या आवारात उभी असलेली स्वतःची तीनचाकी नकार द्यायला लागली की तिच्या मागून काहीच येत नाही. तिच्यासाठी लागणारा भाग समुद्रात असतो. ती उभी कुठे करायची हा वाद तर अजून सुरूच झालेला नाही. सोसायटीच्या पार्किंगच्या दरपत्रकात दुचाकी आणि चारचाकी असे दोनच रकाने असतात, आणि तिसरा वाढवायचा तर सर्वसाधारण सभा लागते. तिथे पाण्याच्या टाकीच्या गळतीचा विषय संपल्याशिवाय कुठलाही नवा विषय निघत नाही, आणि गळती काही संपत नाही.

एक माणूस मात्र या साऱ्या वादाबाहेर ठेवला पाहिजे. ज्याला पायाने अधू असल्यामुळे दुचाकी तोलता येत नाही आणि मोटार परवडत नाही, त्याची तीनचाकीची गरज हौसेची नाही. पण त्याची सोय इथे झालेली आहे. साध्या गिअर नसलेल्या स्कूटरला मागे दोन बाजूंना जादा चाके बसवून देणारे कारागीर मुंबईत आहेत आणि अशा बदललेल्या गाडीला कायद्यात वेगळी जागा आहे. स्कूटर इथलीच असल्यामुळे तिची वायर टपरीवर मिळते. त्याच्या बाबतीतही माझा मुद्दा उलट पक्काच होतो: घोळक्यातली गाडी घ्या आणि तिला आपल्यापुरते वळवा.

उरला तो देशाभिमानाचा उलटा प्रकार, की बाहेरचे ते बरे. त्यावर हसावे की चिडावे कळत नाही, कारण तीनचाकीच्या बाबतीत बाहेरचे लोक आपल्याकडे बघून हेच म्हणत आले आहेत. वाळूजला बनणाऱ्या बजाजच्या तीनचाक्या श्रीलंका, इजिप्त, नायजेरिया, पेरू इतक्या ठिकाणी गेल्या आहेत. जकार्ताच्या गल्ल्यांत तर त्या सत्तरच्या दशकापासून आहेत. आणि जिच्याशी बजाजचा करार होता त्या पियाज्जोने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्वतःच भारतात येऊन बारामतीला कारखाना टाकला. आज कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात एसटी चुकलेला माणूस ज्या आपेमध्ये सातवा म्हणून अंग चोरून बसतो, त्याला आपण इटालियन गाडीत बसलो आहोत याची वार्ताही नसते. परदेशी तीनचाकी आपल्याला इतकी पचली आहे. ती पुन्हा नव्याने, एकट्यासाठी, खोक्यात घालून मागवायचे काही कारण मला तरी सापडत नाही.

तेव्हा ज्यांनी खरेच बेत केला असेल त्यांना विनंती एवढीच, की ऑर्डर देण्याआधी खाली नाक्यावर जावे. तिथे युरोपात जन्मलेली, महाराष्ट्रात वाढलेली, नमुना-मान्यता मिळालेली, विमा उतरवलेली तीनचाकी चालकासह मिळते, आणि उतरल्यावर ती उभी कुठे करायची हा तिचा प्रश्न असतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये होतात. वरचे सहा रुपये सुटे ठेवा, चार परत मिळत नाहीत.